नाशिक
नाशिक हे उत्तर महाराष्ट्रातील गोदावरीकाठी वसलेले शहर आणि नाशिक जिल्ह्याचे मुख्यालय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. मोगल काळात हे शहर गुलशनाबाद या नावाने ओळखले जात असे. येथील महानगरपालिकेची स्थापना १९८२ मध्ये झाली.

जुने नाशिक नदीच्या उजव्या, तर पंचवटी डाव्या तीरावर आहे. पंचवटीतील काळाराम मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला प्रवेश मिळावा, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असताना नाशिकच्या रामकुंडावर व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो.

गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळील ब्रह्मगिरी पर्वतावर होतो. शहराच्या वरच्या बाजूस गंगापूर धरण असल्याने शहरातील नदीचा प्रवाह बऱ्याच अंशी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असतो. पावसाळ्यात पुराची पातळी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढलेल्या पाण्यावरून जोखण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात मात्र प्रवाह क्षीण होतो आणि नाल्यांतून मिसळणाऱ्या सांडपाण्यामुळे प्रदूषणाची तीव्रता वाढते. शहराचा पाणीपुरवठा, परिसरातील द्राक्षबागांसह इतर शेतीचे सिंचन आणि कुंभमेळ्यातील स्नान या साऱ्यांसाठी याच धरणाच्या पाण्याचा आधार घेतला जातो. तुटीच्या वर्षी मराठवाड्यातील जायकवाडी धरणासाठीही वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. त्यामुळे पाण्याचे समन्यायी वाटप हा नाशिकच्या सार्वजनिक जीवनातील वारंवार उद्भवणारा वादाचा विषय आहे.