वर्तुळाचे समान भाग : लाकडाच्या लेथसाठी विभाजन चकती

लेथवर लाकूड फिरत असते तोवर मोजमापाची फारशी चिंता नसते. गोलाई यंत्रच देते. कारागिराने हत्यार स्थिर धरले म्हणजे झाले. अडचण सुरू होते ती लेथ थांबल्यावर. चौरंगाच्या पायावर सोळा उभ्या पन्हळी कोरायच्या असतात, पोळपाटाखाली तीन पायांची भोके एकमेकांपासून १२० अंशांवर पाडायची असतात, ताक घुसळण्याच्या रवीला आठ सारख्या पाकळ्या काढायच्या असतात. दोन, चार किंवा आठ भाग करायचे असतील तर दोरा गुंडाळून, तो दुमडून काम भागते. पाच, नऊ किंवा बारा भाग आले की दोरा आणि डोळा दोन्ही दगा देतात. शिवाय ही चूक पहिल्या पन्हळीत दिसतच नाही. ती शेवटच्या पन्हळीत दिसते, आणि तोवर सागवानाचा तुकडा आणि दिवसभराची मेहनत दोन्ही खर्ची पडलेले असतात.

या कामासाठी जे साधन वापरतात त्याला यंत्रशाळेत ‘इंडेक्स प्लेट’ आणि लाकूडकामात ‘इंडेक्सिंग व्हील’ म्हणतात. आपण त्याला विभाजन चकती म्हणू. रचना अगदी साधी आहे. लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, भोके किंवा खाचा असलेली चकती बसवायची आणि लेथच्या स्थिर भागाला घट्ट बसवलेली एक पिन त्या भोकात अडकवायची. पिन काढली, ठरावीक भोके मोजून चकती फिरवली, पिन पुन्हा घातली की पुढची जागा मिळते.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए यांनी कातकामावरचा आपला सचित्र ग्रंथ १७०१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा शोभिवंत कातकाम युरोपातील सरदार-दरकदारांचा छंदच झाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये सुरू झालेल्या होल्टझॅफेल घराण्याच्या लेथांवर पुलीच्या दर्शनी भागातच भोकांची समकेंद्री वर्तुळे पाडलेली असत. वर्तुळाचे अचूक भाग करणे हा त्या काळी नौकानयनाच्या उपकरणांचाही प्रश्न होता. जेसी रॅम्सडेन यांनी ज्या विभाजन यंत्राने तो सोडवला, त्याच्या चाकाला २१६० दाते होते. आपल्या कामाला इतक्या सूक्ष्मतेची गरज नाही, परंतु तत्त्व तेच आहे.

संख्या आधी, आकार नंतर

बाजारात जाण्यापूर्वी आपला लेथ नीट पाहावा. मध्यम आकाराच्या अनेक लेथांच्या हेडस्टॉकमध्ये बारा किंवा चोवीस स्थानांची सोय मुळातच असते. पुलीच्या कडेला किंवा मागच्या हातचाकावर भोके असतात आणि बाहेरून आत ढकलायची एक छोटी पिन असते. ती नेमकी कशासाठी आहे हे ठाऊक नसल्याने अनेक जण चक अडकून बसला की तो सोडवताना स्पिंडल धरून ठेवण्यासाठी तिचा वापर करतात आणि ती वाकवून टाकतात. वाकलेली पिन पुढे कधीच नेमके स्थान देत नाही.

चोवीस स्थानांतून दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा भाग मिळतात. पुष्कळांचे काम एवढ्यावर भागते आणि त्यांनी वेगळी चकती घेऊच नये. मात्र पाच पाकळ्यांचे फूल, नऊ पन्हळी किंवा सोळा पन्हळी तिच्यातून निघत नाहीत. साठ भोकांच्या वर्तुळातून पाच, दहा आणि पंधरा भाग मिळतात, पण आठ मिळत नाहीत. म्हणून एकाच चकतीवर ४८ आणि ६० अशी दोन वर्तुळे असणे सर्वांत सोयीचे. दोहोंतून मिळून २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १६, २०, २४ आणि ३० भाग होतात. नऊ व अठरा हवे असतील तर ७२ चे तिसरे वर्तुळ घ्यावे. सात भागांसाठी ५६ चे वर्तुळ लागते, पण सात भागांची गरज किती वेळा पडते याचा विचार आधी करावा.

काहींना ३६० भोकांचा मोह पडतो. शंभर मिलिमीटर त्रिज्येवर ३६० भाग केले तर दोन भोकांच्या केंद्रांतील अंतर पावणेदोन मिलिमीटरही भरत नाही. अशी भोके पाडता आली तरी त्यांत बसणारी पिन तारेएवढी बारीक असेल आणि पटाशीच्या पहिल्या दाबाला वाकेल.

विकत घेताना

लाकडाच्या लेथसाठी तयार केलेल्या चकत्या प्रामुख्याने परदेशी बनावटीच्या असतात. त्या घेताना किमतीपेक्षा मधल्या भोकाचे माप महत्त्वाचे. स्पिंडलच्या आट्यांची मापे देशोदेशी वेगळी आहेत. लहान लेथांवर एक इंच व्यासाचे, इंचाला आठ आटे असलेले स्पिंडल पुष्कळदा आढळते, तर युरोपीय धाटणीच्या लेथांवर ३३ मिलिमीटर व्यासाचे आणि साडेतीन मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. चकतीचे भोक सैल असेल तर तिचे केंद्र सरकते. केंद्र अर्धा मिलिमीटर सरकले तरी शंभर मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीवर पाव अंशाहून अधिक चूक होऊ शकते.

दुसरी गोष्ट जाडीची. अशी चकती बहुधा स्पिंडलचा खांदा आणि चक यांच्यामध्ये दाबून बसवतात. सहा मिलिमीटर जाडीची चकती घातली की चकला मिळणारे जवळजवळ दोन आटे कमी होतात. आखूड स्पिंडलवर हे धोक्याचे ठरते. चकतीची जाडी सर्वत्र सारखी नसेल तर चक तिरका बसतो आणि लाकूड डुलू लागते. स्पिंडलच्या मागच्या टोकाला किंवा हातचाकाला चकती बसवण्याची सोय असेल तर तीच पसंत करावी.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या अवजारांच्या बाजारात धातुकामाच्या ‘डिव्हायडिंग हेड’च्या सुट्या चकत्या मिळतात. त्यांवरची बारीक, सुबक भोके पाहून हात पुढे होतो. पण जरा थांबावे. ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या तीन चकत्यांपैकी पहिलीवर १५ ते २० भोकांची वर्तुळे असतात, ती काही प्रमाणात उपयोगी पडतात. दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१, ३३ आणि तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९ अशी वर्तुळे असतात. या विचित्र संख्यांना अर्थ आहे तो चाळीस फेऱ्यांना एक फेरा देणाऱ्या मळसूत्री दातचाकासह. थेट स्पिंडलवर बसवल्यास ३१ भोकांच्या वर्तुळातून एकतीसच भाग मिळतात.

स्वतः करताना

घरी किंवा ओळखीच्या कारखान्यात केलेली चकती बहुतेकांना पुरेशी ठरते, असे आमचे मत आहे. एक नियम मात्र पाळावा: चकती नेहमी कामाच्या वस्तूपेक्षा मोठी असावी. भोक पाडताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली असे धरू. चकतीची त्रिज्या १०० आणि चौरंगाच्या पायाची २५ मिलिमीटर असेल, तर ती चूक पायावर जेमतेम एक अष्टमांश मिलिमीटर उरते. उलट २५ मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीवर १०० मिलिमीटर त्रिज्येचा वाडगा कोरला तर तीच चूक दोन मिलिमीटर होते. अर्थात हेडस्टॉकमध्ये बेडपर्यंतची उंची किती आहे, यावर चकतीचा आकार शेवटी ठरतो.

शहरात आज सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नामफलक आणि स्मृतिचिन्हे तयार करणाऱ्याकडून लेसरने ॲक्रिलिक किंवा प्लायवूड कापून घेणे. संगणकावर आराखडा काढून दिला की सारी वर्तुळे, आकडे आणि मधले भोक एकाच वेळी मिळते. लेसरचा किरण स्वतःची रुंदी खातो, म्हणून प्रत्येक भोक किंचित मोठे येते. पण त्यांच्या केंद्रांची जागा बदलत नाही. आराखड्यात भोक थोडे लहान ठेवावे आणि नंतर पिनेच्या मापाने साफ करून घ्यावे.

कागदावर छापलेला नमुना चकतीला चिकटवून भोके पाडण्याची रीतही चांगली आहे. मात्र पुष्कळ प्रिंटर कागद सरकवण्याच्या दिशेने आकृती किंचित ताणतात किंवा आखडतात. छापलेल्या वर्तुळाचा व्यास उभा आणि आडवा, दोन्हीकडून मोजावा. २०० मिलिमीटरमागे एका मिलिमीटरचा फरक निघाला तर ४५ अंशांच्या आसपासचे भोक १०० मिलिमीटर त्रिज्येवर पाव मिलिमीटर सरकते. साध्या कामाला ते चालते. त्याहून जास्त फरक असेल तर कागद टाकून द्यावा.

संगणक नको असेल तर एक जुनी, भरवशाची युक्ती आहे. वर्तुळाचे भाग करण्यापेक्षा सरळ रेषेचे भाग करणे सोपे असते. २०० मिलिमीटर व्यासाची चकती कातून घ्यावी. तिच्या कडेभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून, दोन्ही टोके एकावर एक ठेवून एकाच घावात कापावी. पट्टी सुमारे ६२८ मिलिमीटर भरते. आता मोठ्या कागदावर बारा-बारा मिलिमीटर अंतराने ४९ समांतर रेषा आखाव्यात. पहिलीपासून शेवटचीपर्यंत ५७६ मिलिमीटर होतात. पट्टीचे एक टोक पहिल्या रेषेवर आणि दुसरे शेवटच्या रेषेवर येईल अशी ती तिरकी ठेवावी. रेषा जिथे जिथे पट्टीला छेदतात तिथे खुणा केल्या की ४८ समान भाग तयार. पट्टी पुन्हा कडेला चिकटवायची आणि खुणा केंद्राकडे उतरवायच्या.

कर्कटकाने पावले टाकत भाग करणे मात्र टाळावे. ९५ मिलिमीटर त्रिज्येवर ४८ भागांसाठी कर्कटक १२.४३ मिलिमीटर उघडावे लागते. त्यात दशांश मिलिमीटरची चूक झाली तर अठ्ठेचाळिसाव्या पावलाला ती ४.८ मिलिमीटर झालेली असते.

तयार दात्यांचा उपयोग करणारेही आहेत. गोल करवतीच्या जुन्या पात्याला साठ दाते असतात. पण काही पात्यांचे दाते गटागटाने, असमान अंतरावर बसवलेले असतात, आणि उघड्या दात्यांजवळ हात घालून काम करणे आम्हाला पटत नाही. त्याहून सायकलचे पुढचे दातचाक बरे. ४८ दात्यांचे मिळाले तर दात्यांच्या मध्यवर्तुळाचा व्यास सुमारे १९४ मिलिमीटर भरतो, आणि जवळपास आठ मिलिमीटर जाडीची गोल पिन दोन दात्यांमधल्या दरीत आपोआप मध्यावर बसते. दातचाक नवे घ्यावे. जुन्याचे दाते एका बाजूने झिजलेले असतात.

पिन आणि तिची बैठक

चकतीवर आठवडा खर्च करून पिनेच्या जागी खिळा अडकवणारे लोक पुष्कळ आहेत. भोक सहा मिलिमीटरचे आणि पिन साडेपाचची असेल तर चकतीची सारी अचूकता वाया गेली. पिनेचे टोक थोडे निमुळते असावे, म्हणजे ते भोकाच्या काठाला चहूबाजूंनी टेकते आणि ढिलाई राहत नाही. कडेला इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचा पाडल्या तर हाच फायदा मिळतो. बैठक लेथच्या बेडला किंवा हेडस्टॉकला बोल्टने आवळावी. लाकडी ठोकळ्यावर पिन उभी केली असेल तर ठोकळा जाड आणि आखूड ठेवावा. उंच, बारीक ठोकळा दाबाने लवतो.

वापरताना

चकती थांबलेल्या लेथसाठीच आहे. काम सुरू करण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग सॉकेटमधून काढावा. पिन अडकलेली असताना चुकून मोटर सुरू झाली तर पट्टा जळतो, पिन तुटते आणि ॲक्रिलिकची चकती फुटून तिचे तुकडे अंगावर येऊ शकतात. पुन्हा कातकाम करायचे असेल तर स्पिंडलवर बसवलेली घरगुती चकती आधी उतरवावी, मग लेथ फिरवावा. चकतीसाठी चक काढावा लागत असेल तर लाकूड चकमधून सोडू नये, चकसह उतरवावे. एकदा सोडलेले लाकूड पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसत नाही.

पन्हळी कोरण्यासाठी छोटा राउटर बेडवर सरकणाऱ्या पेटीत बसवतात. त्याचे पाते स्पिंडलच्या केंद्राच्या उंचीवर असावे, नाहीतर सगळ्या पन्हळी एका बाजूला झुकलेल्या येतात. चकती नेहमी एकाच दिशेने फिरवावी, म्हणजे उरलीसुरली ढिलाई प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहते. दोन टोकांमध्ये धरलेले लाकूड पुढच्या काट्यावर सरकू शकते, म्हणून टेलस्टॉक मधूनमधून आवळत राहावे.

मोजण्यातली चूक सर्वांकडून होते. ४८ च्या वर्तुळातून बारा भाग हवे असतील तर दर चौथ्या भोकात पिन घालायची. पण आत्ताचे भोक ‘एक’ न मोजता शून्य मोजायचे असते. प्रत्येक मालिकेसाठी वेगळ्या रंगाचे ठिपके आधीच लावून ठेवले तर कामाच्या गडबडीत मोजावेच लागत नाही.

नवी चकती प्रथम टाकाऊ लाकडावर तपासावी. गोल तुकड्यावर बारा स्थानांना टोकदार पेन्सिलीने रेषा ओढाव्यात आणि पहिल्या दोन रेषांमधील अंतर कर्कटकात घेऊन ते उरलेल्या अकरा जागी लावून पाहावे. सर्वत्र सारखे भरले तर चकती कामाला घ्यावी. न भरल्यास चकतीला दोष देण्यापूर्वी पिन हाताने हलवून पाहावी; बहुतेक वेळा ढिलाई तिथेच असते.