दंडाच्या आदेशात इतिहास कसा शोधायचा?

सायबर जोखीम म्हटलं की तुम्हाला हॅकर आठवतो ना? मॉर्गन स्टॅनलीचं प्रकरण बघा. 2016 मध्ये या बँकेने अमेरिकेतली दोन डेटा सेंटर बंद केली. जुनी उपकरणं हटवायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा तिला अनुभवच नव्हता. ग्राहकांच्या माहितीसकट हार्ड डिस्क ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या. बँकेला हे कळलं 2017 मध्ये, ओक्लाहोमातल्या एका खरेदीदाराच्या ईमेलमधून. पुढे बँकिंग नियामक ओसीसीने 2020 मध्ये 6 कोटी आणि एसईसीने 2022 मध्ये 3.5 कोटी डॉलर दंड केला. यात हॅकर कुठेच नाही. म्हणून कम्प्लायन्सचा इतिहास अभ्यासताना नियामकांचे आदेश वाचा, पण दंडाच्या आकड्यावर थांबू नका. कोणती तपासणी राहून गेली, ते टिपा. तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडेल.