फलाट आखूड पडले, पण स्टेशन वाचले

पॅरिसला बेताच्या खर्चात फिरताना महिन्याचा पहिला रविवार साधला. त्या दिवशी ओर्से संग्रहालयाला तिकीट नसते. चित्रांआधी माझी रेल्वेवाल्याची नजर छताकडे गेली, कारण ही इमारत मुळात स्टेशनच! १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्टर लालू या वास्तुविशारदाने बांधलेले, विजेवरच्या गाड्यांचे. पुढे गाड्या लांबल्या, फलाट आखूड पडले. १९३९ पासून केवळ लोकल उरल्या. १९७० च्या सुमारास ते पाडून हॉटेल बांधायचे घाटत होते. मात्र १९७३ मध्ये वास्तूला संरक्षण मिळाले आणि १९८६ मध्ये संग्रहालय उघडले. आज त्याच घड्याळाखाली मोने, व्हॅन गॉग यांची चित्रे पाहायला गर्दी लोटते. मंडळी, गेज बदलले की आपल्याकडचीही जुनी स्टेशने ओस पडतात. हातोडा उचलण्याआधी ओर्से आठवावे.