त्रिनिदादचा छोटा प्रवास : अलीगंजहून प्रथमच निघणाऱ्यांसाठी

लखनौच्या अलीगंज भागातील हनुमान मंदिरात ज्येष्ठ महिन्याच्या प्रत्येक मंगळवारी भाविकांची रीघ लागते. ‘बडा मंगल’ या नावाने ओळखला जाणारा हा उत्सव शहरातील हिंदू आणि मुसलमान दोघेही आपला मानतात. अवधच्या नवाब घराण्यातील एका बेगमेने हे मंदिर उभारले, अशी परंपरा सांगितली जाते. उत्तरेत पौर्णिमान्त महिना धरत असल्याने तेथील ज्येष्ठ महाराष्ट्रापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि ३० मे ही तारीख बहुधा त्यातच येते. याच तारखेला सुमारे १४ हजार किलोमीटर अंतरावरील त्रिनिदाद बेटावर सार्वजनिक सुट्टी असते. १८४५ साली त्या दिवशी ‘फतेल रझाक’ हे जहाज तीन महिन्यांहून अधिक काळ समुद्र कापून सुमारे सव्वादोनशे भारतीय मजुरांसह कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदराशी पोहोचले होते.

त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय या बेटावर नेण्यात आले. फैजाबाद, गोंडा, सुलतानपूर, बस्ती, आझमगड, गाझीपूर आणि बिहारचे जिल्हे ही या भरतीची मुख्य क्षेत्रे होती. पाच वर्षांच्या कराराला मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ असे नाव पडले. करार संपल्यानंतर बहुसंख्य लोक तेथेच राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशातील ३५ टक्क्यांहून अधिक रहिवासी भारतीय वंशाचे असून हिंदूंचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे. पूजा झाल्यावर अंगणात बांबूला रंगीत ध्वज, म्हणजे ‘झंडी’, लावण्याची तेथील प्रथा अवधातून आलेल्या माणसाला परकी वाटत नाही. लाल झंडी हनुमानाची असते. कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटांपैकी पहिल्या प्रवासासाठी त्रिनिदाद निवडण्यास उत्तर भारतीयांना हे कारण पुरेसे आहे. मराठी वाचकासाठी दुसरेही एक कारण आहे, ते पुढे येईल.

मुक्कामाचा व्हिसा नाही, वाटेचा आहे

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत त्रिनिदाद आणि टोबॅगोचा व्हिसा लागत नाही. ही सवलत ऐकून अनेकजण घाईने तिकीट काढतात आणि अडचण तेथेच सुरू होते. भारतातून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जाणाऱ्यास विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे नसले तरीही अमेरिकेचा व्हिसा आवश्यक असतो. टोरांटोमार्गे जायचे झाल्यास कॅनडाचा पारगमन व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये विमान बदलणाऱ्या भारतीयांनाही सर्वसाधारणपणे पारगमन व्हिसा घ्यावा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा हाती असल्यास काही अटींवर त्यातून सूट मिळते. लंडनमध्ये हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढचे विमान पकडायचे असेल तर विमानतळाबाहेर पडणे भागच असते आणि त्यासाठीचा व्हिसा निराळा असतो.

यात आणखी एक मेख आहे. स्वस्त पडते म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे काढल्यास मधल्या विमानतळावर सामान स्वतः ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते, म्हणजेच त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. एकाच आरक्षणावर संपूर्ण प्रवास असल्यास सामान सहसा थेट मुक्कामी जाते. अमेरिकेचा मार्ग मात्र याला अपवाद असून तेथे पहिल्याच विमानतळावर सर्वांना प्रवेशतपासणी आणि सीमाशुल्काची रांग ओलांडावी लागते. तिकीट घेण्यापूर्वी मार्गातील प्रत्येक थांब्याचा नियम विमानकंपनीकडून लेखी विचारून घ्यावा. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीची तारीख मिळण्यास कित्येक महिने लागू शकतात. ज्यांच्याकडे हा व्हिसा आधीपासून आहे, त्यांच्यासाठी हा प्रवास सोपा आहे. इतरांनी युरोपातील अथवा पनामामार्गे जाणारे पर्याय प्रथम तपासणे इष्ट.

पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. अलीगंजच्या रहिवाशांसाठी प्रादेशिक पारपत्र कार्यालय गोमतीनगरात आहे. पिआर्को विमानतळावरील अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याचे ठिकाण आणि खर्चाची तरतूद यांविषयी विचारणा करतात. ही कागदपत्रे छापील स्वरूपात जवळ ठेवलेली बरी.

अलीगंजमध्ये केंद्रीय भवन तसेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उत्तर विभागाचे मुख्यालय असल्याने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची येथे मोठी वस्ती आहे. त्यांना खासगी परदेशप्रवासासाठीही पूर्वपरवानगी घ्यावी लागते. कार्मिक विभागाच्या २०१५ मधील सूचनेनुसार सक्षम अधिकाऱ्याने २१ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. प्रवास सवलत रजा केवळ देशांतर्गत प्रवासाला लागू असल्याने तिचा येथे उपयोग नाही.

पिवळे कार्ड

या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा कागद त्रिनिदादला जाताना कोणी मागत नाही. तो परत येताना भारतात मागितला जातो. हा कागद म्हणजे पीतज्वर प्रतिबंधक लसीचे प्रमाणपत्र. पीतज्वराचा धोका असलेल्या प्रदेशांच्या यादीत त्रिनिदादचा समावेश आहे. टोबॅगो बेट त्या यादीत नाही, परंतु त्रिनिदादला न उतरता केवळ टोबॅगोचा प्रवास करणारे भारतीय विरळाच. अशा प्रदेशातून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या आणि वैध प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरील आरोग्य यंत्रणेला आहे. आठ दिवसांच्या सहलीनंतर सहा दिवस विलगीकरणात काढण्याची वेळ एखाद्या कुटुंबावर आली, तर रजा आणि खर्च या दोहोंचे गणित कोलमडते.

भारत याबाबत इतका कठोर का, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. पीतज्वराचा विषाणू एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतो. डेंग्यू पसरवणारा हा डास भारतात सर्वत्र आढळतो. हा रोग मात्र आपल्या देशात नाही आणि त्यामुळे लोकसंख्येत त्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही नाही. विषाणू घेऊन आलेला एक रुग्णदेखील पुरेसा ठरू शकेल, ही भीती या नियमामागे आहे. त्रिनिदादमध्ये माणसांमधील मोठी साथ १९७८-७९ मध्ये आली होती. पुढे २००८-०९ मध्ये तेथील जंगलातील माकडांमध्ये विषाणू आढळला. प्रवाशाला धोका फारसा नसला, तरी तो अजिबात नाही असे म्हणता येत नाही.

लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध ठरते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे पूर्वीचे दहा वर्षांचे बंधन उरलेले नाही. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच ती घ्यावी लागते. लखनौमध्ये किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात, तर मुंबईत विमानतळ व बंदर आरोग्य संघटनांकडे ही सोय आहे. ठराविक दिवशीच लस दिली जात असल्याने वेळ आधी ठरवून जावे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि साठ वर्षांवरील व्यक्ती यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. आई-वडिलांना सोबत नेण्याचा विचार असणाऱ्यांनी हा प्रश्न तिकिटाच्या आधी सोडवावा. प्रमाणपत्रावरील पारपत्र क्रमांक आणि केंद्राचा शिक्का जागच्या जागी तपासून घ्यावा. चूक दुरुस्त करण्यासाठी पुन्हा त्याच केंद्रात जावे लागते.

किती दिवस, कोणता महिना

लखनौहून दिल्ली किंवा मुंबई, तेथून मधला थांबा आणि पुढे पोर्ट ऑफ स्पेन या प्रवासात एका बाजूला दीड दिवस सहज जातो. तेथील घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. त्यामुळे दहा दिवसांच्या रजेत प्रत्यक्ष सहा दिवस हाती लागतात, असे धरून आखणी करावी. इतक्या वेळात तीन-चार बेटे पाहण्याचा मोह टाळलेला चांगला.

जानेवारी ते मे हा कोरडा काळ असून जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस असतो. त्रिनिदाद बेट दक्षिण अमेरिकेला लागून, व्हेनेझुएलापासून अवघ्या ११ किलोमीटरवर आहे. चक्रीवादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या ते दक्षिणेला पडते, ही या बेटाची जमेची बाजू. ईस्टरच्या उपवासकाळाआधीच्या सोमवारी आणि मंगळवारी कार्निव्हल भरतो. तो पाहण्याची इच्छा असल्यास खोल्या कित्येक महिने आधी आरक्षित कराव्या लागतात आणि दरही चढे असतात. शांतपणे बेट पाहू इच्छिणाऱ्याने तो आठवडा वगळावा. दिवाळीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

सुरक्षिततेचा विषय टाळता येण्यासारखा नाही. वाढत्या गुन्हेगारीमुळे त्रिनिदाद सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. २०२५ च्या उत्तरार्धात अमेरिका आणि व्हेनेझुएला यांच्यातील तणावाचे सावटही या परिसरावर पडले. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात आणि पोर्ट ऑफ स्पेन येथील भारतीय उच्चायुक्तालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. अंधार पडल्यानंतर राजधानीत पायी हिंडू नये. भाड्याच्या अधिकृत गाड्यांची नंबरपाटी ‘एच’ या अक्षराने सुरू होते, ती पाहूनच गाडीत बसावे. लष्करी ठिपक्यांचे कपडे घालण्यास नागरिकांना कायद्याने बंदी असून मुलांच्या टोप्या-पिशव्यांनाही ती लागू होते.

तेथील डॉलर भारतात मिळत नाही. अमेरिकी डॉलर नेऊन तेथे बदलून घ्यावेत. एका प्रवासासाठी तीन हजार अमेरिकी डॉलरपर्यंत रोख नेता येते. विजेचा दाब ११५ व्होल्ट आणि खाचा अमेरिकी पद्धतीच्या असल्याने जोडणीचे साधन सोबत ठेवावे.

काय पाहावे

मध्य त्रिनिदादमधील काही किलोमीटरच्या परिसरात एक संपूर्ण दिवस जातो. कारापिचाइमा येथे ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती असून तिची प्रतिष्ठापना २००३ मध्ये झाली. ती ज्या आवारात उभी आहे, ते स्थान दत्तात्रेयाचे आहे. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ज्यांच्या घरच्या बोलण्यात आहे, त्यांना इतक्या दूर दत्तमूर्तीसमोर उभे राहण्याचा अनुभव वेगळाच वाटेल.

जवळच वॉटर्लू येथे समुद्रातील मंदिर आहे. ऊसमळ्यात राबणाऱ्या शिवदास साधू यांनी १९४७ मध्ये किनाऱ्यावर मंदिर बांधण्यास सुरुवात केली. ती जागा साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये मंदिर पाडण्यात आले आणि साधूंना १४ दिवसांचा तुरुंगवास भोगावा लागला. जमीन कंपनीची असली तरी समुद्र कोणाचाच नाही, असा विचार करून त्यांनी पारियाच्या आखातात भर घालण्यास प्रारंभ केला. सायकलवरून दगडमाती वाहून नेत एकट्याने पंचवीस वर्षे हे काम केल्याचे सांगितले जाते. भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, १९९५ मध्ये, सरकारने मंदिराची पुनर्बांधणी केली. बेटावर पाहण्यासारखे एकच ठिकाण निवडायचे झाले, तर ते हेच.

याच भागातील चाग्वानास हे नोबेल पारितोषिक विजेते लेखक व्ही. एस. नायपॉल यांचे जन्मगाव. कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी लाल आयबिस पक्ष्यांचे थवे परततात, त्यासाठी नावेची जागा आधी राखून ठेवावी. दक्षिणेकडील ला ब्रेआ येथे सुमारे शंभर एकरांचे नैसर्गिक डांबराचे सरोवर आहे. पर्यटकांना ते निराश करते आणि भूवैज्ञानिकांना तेथून हलवत नाही.

मराठी वाचकाचे दुसरे कारण म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल मैदान. ६ मार्च १९७१ रोजी येथे सुनील गावसकर यांनी कसोटी पदार्पण केले आणि ६५ व नाबाद ६७ धावा काढल्या. मूळचे गोव्याचे दिलीप सरदेसाई यांनी त्याच सामन्यात शतक झळकावले. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय होता. मालिकेच्या अखेरच्या कसोटीत याच मैदानावर गावसकरांनी १२४ आणि २२० धावा केल्या. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, भारताने येथेच चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून सामना जिंकला. गावसकरांवर रचलेले कॅलिप्सो गीत तेथील जुन्या पिढीला आजही ठाऊक आहे.

शाकाहारी प्रवाशाची तेथे उपासमार होत नाही. रस्त्यावर मिळणारे ‘डबल्स’ म्हणजे दोन मऊ बऱ्यांमध्ये हरभऱ्याची उसळ. ‘दालपुरी’ ही गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणावी लागेल, मात्र तिच्यात जिरे आणि लसूण असतो. तिखट बेताचे हवे असल्यास मागतानाच ‘स्लाइट’ म्हणावे. भोजपुरी बोलणारी पिढी आता सरत आली असून व्यवहार इंग्रजीत चालतो. वडिलांच्या आईला मात्र तेथील घरांत अजूनही ‘आजी’ म्हणतात.

टोबॅगोला विमानाने २५ मिनिटे, तर जहाजाने सुमारे चार तास लागतात. निळे पाणी आणि पांढरी वाळू यांसाठी दोन दिवस तेथे राखावेत, परंतु परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या रात्री त्रिनिदादमध्येच मुक्काम करावा. बेटांमधील विमाने उशिरा सुटू शकतात आणि चुकलेले पुढचे विमान कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत मिळत नाही.