शेरा नसलेली वही

मराठी शाळेच्या कपाटात वह्यांना तोटा नसतो. हजेरीपट असतो, जनरल रजिस्टर असते, मुख्याध्यापकांचे लॉगबुक असते, वरून तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांसाठी शेरेबुक असते आणि प्रत्येक शिक्षकाची टाचणवही तर असतेच असते. या सगळ्या वह्या कोणी ना कोणी तपासतो. त्यांच्या गर्दीत एक वही मात्र फार काळ नव्हती. तास संपल्यावर, मुले घरी गेल्यावर, ‘आज वर्गात नेमके काय झाले आणि ते तसे का झाले’ एवढेच शिक्षकाने स्वतःशी लिहावे, अशी वही. हल्ली अध्यापक महाविद्यालयांत तिला ‘चिंतन-रोजनिशी’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले, तरी या वहीला इतिहास आहे. तो जरा उलटासुलटा आहे आणि म्हणूनच सांगण्यासारखा आहे.

‘रोजनिशी’ हा शब्दही मुळात चिंतनाचा नव्हे. आपल्याकडे तो दफ्तराचा शब्द. पेशवे दफ्तरातून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजनिशीतील उतारे ज्यांनी चाळले असतील त्यांना ठाऊक आहे, की तिथे रकमा आहेत, सनदा आहेत, नेमणुका आणि हुकूम आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय वाटले, याचा मागमूस नाही. तो असावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. शाळेची पहिली रोजनिशी जन्मली तीही याच कुळात, फक्त सातासमुद्रापलीकडे.

१८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांच्या अनुदानाची सुधारित संहिता लागू झाली. मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित यांतील परीक्षेचा निकाल यांवर शाळेचे अनुदान ठरवायचे, असा हा हिशेबी कारभार होता. याच संहितेने अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांवर एक वही ठेवण्याचे बंधन घातले. जहाजाचा कप्तान ठेवतो तशी, म्हणून नावही तेच, लॉगबुक. रोज नोंद करायची. शिक्षक कधी रुजू झाला, कोण आजारी पडले, कोणाला समज दिली, हे लिहायचे. आणि मग संहितेने एक कलम घातले, जे वाचून आम्ही प्रथम चकित झालो आणि नंतर बराच वेळ हसत बसलो. सर्वसाधारण स्वरूपाचे चिंतन किंवा मते या वहीत लिहू नयेत, अशी स्पष्ट मनाई त्यात होती. म्हणजे शिक्षकाच्या रोजनिशीच्या इतिहासाचा आरंभच मुळी ‘विचार लिहू नका’ या आज्ञेने होतो.

आज्ञा बव्हंशी पाळली गेली. इंग्लंडात त्या वह्या आजही मोठ्या संख्येने जपून ठेवलेल्या आहेत आणि इतिहासकारांना त्या मोलाच्या वाटतात. गोवराची साथ, सुगीच्या दिवसांत ओस पडलेले वर्ग, पावसाने अडलेल्या वाटा हे सारे त्यांत आहे. मूल मात्र क्वचित दिसते, आणि शिकवणारा माणूस त्याहून क्वचित. कसा दिसणार? ती वही इन्स्पेक्टरसाहेब मागून घेत आणि त्यांच्या अहवालावर शाळेचे पैसे अवलंबून असत. ज्याच्या हाती आपला तुकडा आहे त्याच्यापुढे कोण कबूल करील, की आज भागाकार शिकवताना आपलीच फजिती झाली? निकालावर अनुदान देण्याची ही तऱ्हा आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे तिची चर्चाही झाली. साहेब गेला, निकालावरचे अनुदान गेले. लॉगबुक हा शब्द आपल्या शाळांत राहिला. मुख्याध्यापक शिक्षकाचा पाठ पाहून अभिप्राय लिहितात ते आपल्याकडचे लॉगबुक. वहीचे काम पालटले, पण लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून कोणीतरी पाहत असणे काही सुटले नाही.

टाचणवहीचे घराणे वेगळे. ते जर्मन आहे. योहान हर्बार्ट १८४१ मध्ये वारले. त्यांच्या विचारांतून त्सिलर आणि राइन या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या घडवल्या आणि जगभरच्या अध्यापक विद्यालयांनी त्या उचलल्या. आपल्याकडे त्यांना ‘हर्बर्टची पंचपदी’ म्हणतात. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन असे करत गृहपाठापर्यंत जाणारे पाठटाचण जगण्यातला एक तरी महिना ज्याने आखले नाही, असा मराठी शिक्षक विरळा. टाचण हे आदल्या रात्री लिहायचे असते. म्हणजे जे अजून घडलेले नाही त्याचे ते वर्णन.

आम्ही आमच्या बी.एड.च्या वर्षी असेच एक सुबक टाचण घेऊन सहावीच्या वर्गात गेलो होतो. विषय बाष्पीभवन. प्रस्तावनेचे तीन प्रश्न झाले, हेतुकथन झाले, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘ढगाळ असलं तरी आमची गोधडी वाळती. मग उन्हाचं काय काम?’ वर्ग खुलला. कोणी वाऱ्याचे नाव काढले, कोणी चुलीवरच्या शिंक्याचे, कोणी म्हणाले की रात्रीही कपडे वाळतात. पंचपदी जागच्या जागी राहिली आणि घंटा झाली. निरीक्षणाला बसलेल्या प्राध्यापकांनी लाल शाईने शेरा दिला : वेळेचे नियोजन साधले नाही. शेरा खोटा नव्हता. पण आज त्या वहीत पाहावे तर त्या तासाचे विषयविवेचन रेखीव अक्षरात जसेच्या तसे आहे, जे कधी झालेच नाही. आणि जे झाले, त्याची एक ओळ नाही.

या हर्बार्टपंथाशी आधी जवळीक आणि मग भांडण असलेला माणूस म्हणजे जॉन ड्यूई. डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू म्हणून मराठी वाचकाला तो परका नाही. १८९६ च्या जानेवारीत त्याने शिकागोत मूठभर मुलांना घेऊन प्रयोगशाळा-शाळा काढली. तिथली मुले लोकर पिंजत, कापूस निवडत. कापसाची बोंडे हाताने सोलताना एका मुलाला अर्ध्या तासात एक औंसही कापूस निघाला नाही आणि लोकरीचे कापड आधी का सर्रास झाले हे त्यांच्या बोटांनाच कळले, असे ड्यूईने १८९९ च्या व्याख्यानांत सांगितले आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या शाळेतले शिक्षक दर आठवड्याला आपल्या कामाचा वृत्तान्त लिहीत आणि आठवड्याच्या बैठकीत त्यावर बोलत. १९०४ मध्ये ड्यूई तेथून बाहेर पडला. पुढे १९३६ मध्ये त्या शाळेत शिकवलेल्या मेह्यू आणि एडवर्ड्स या दोघी बहिणींनी तिचा इतिहास लिहिला, तेव्हा हेच वृत्तान्त त्यांच्या उपयोगी पडले. या दोन काळांच्या मध्ये, १९१० मध्ये, ड्यूईने आपण विचार कसा करतो यावर पुस्तक लिहिले आणि चिंतनाची सुरुवात अडखळण्यातून होते, असे त्यात मांडले. रस्ता सरळ असला की माणूस विचार करत नाही, फाटा आला की थांबतो. १८६२ च्या लॉगबुकात नेमकी या अडखळण्यालाच जागा नव्हती.

आपल्याकडे हे अडखळणे पहिल्यांदा धीटपणे लिहिले ते गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्तीत आले, १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ कथेच्या रूपात आहे. चौथीच्या वर्गात वर्षभर प्रयोग करण्याची परवानगी मागणारा लक्ष्मीराम नावाचा शिक्षक ते सांगतो. त्याची पहिलीच फेरी आम्हांला फार आवडते. रात्री बसून मनात सगळे आखून हा गृहस्थ वर्गात जातो, शांततेचा खेळ घेतो, आणि मुले असा गोंधळ घालतात की त्या दिवशी सुट्टी देऊन तो मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो आणि तिथून त्याची गाडी रुळावर येते. पुस्तक कल्पित असेल, पण तो पहिला दिवस भोगल्यावाचून लिहिता येणार नाही. याच भावनगरात तयार झालेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघ यांच्या साथीने कामाला लागल्या. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. हजेरीपटाने ही गोष्ट फक्त ‘गैरहजर’ म्हणून नोंदली असती. मुले येत का नाहीत, हा प्रश्न हजेरीपटाला पडत नाही.

परंतु चिंतन-रोजनिशीचा आदर्श नमुना कोणता, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही जॉन होल्ट यांच्याकडे बोट दाखवू. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर होता. शिक्षकाचे प्रशिक्षण त्याने घेतले नव्हते. १९५८ च्या सुमारास तो एका खासगी शाळेत बिल हल या सहकाऱ्याबरोबर पाचवीचा वर्ग घेत असे. एक शिकवी तेव्हा दुसरा मुलांकडे पाही. जे दिसले ते होल्ट लिहून काढी आणि हलला देई. या टिपणांचेच पुढे १९६४ मध्ये मुलांच्या अपयशावरचे पुस्तक झाले.

त्यातली एकच नोंद सांगतो. खेळ असा : मनात एक ते दहा हजारांमधली संख्या धरायची आणि मुलांनी हो-नाहीचे प्रश्न विचारून ती शोधायची. ‘पाच हजार ते दहा हजारांत आहे का?’ उत्तर ‘हो’ आले की मुले जल्लोष करीत, ‘नाही’ आले की कण्हत. वस्तुतः दोन्ही उत्तरांनी मिळणारी माहिती तंतोतंत सारखी. मुलांना संख्या शोधायची नव्हती, त्यांना ‘हो’ हवा होता. हे टिपायला कोणतीही चाचणी उपयोगाची नव्हती, कारण चाचणीत उत्तर बरोबरच आले असते. कण्हणे ऐकायला मागे बसलेला, वही उघडी ठेवलेला, आणि त्या क्षणी काहीही शिकवण्याची जबाबदारी नसलेला माणूस हवा होता. गणित छान चालले आहे असे समजणाऱ्या शिक्षकाला, म्हणजे स्वतःलाही, होल्टने त्या टिपणांत वारंवार उघडे पाडले.

आणि ही टिपणे कोणासाठी होती, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ती खासगी नव्हती; हल ती वाचणार होता. पण हल हा त्याच वर्गात, त्याच मुलांपुढे, उद्या स्वतः फसणार होता. रोजनिशी कोणी वाचू नये असे आमचे म्हणणे नाही. ड्यूईच्या शाळेतले वृत्तान्तही वाचलेच जात. समदुःखी वाचतो तेव्हा लिहिणारा अधिक खरे लिहितो. वेतनवाढ, गुण किंवा अनुदान ज्याच्या हाती तो वाचतो तेव्हा लिहिणारा टाचण लिहितो, मग वहीवर नाव काहीही असो.

हे सांगण्याचे कारण पुढचा इतिहास. १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांचे चिंतनशील व्यावसायिकावरचे पुस्तक आले. त्यात भर होता वास्तुरचनाकार, मनोचिकित्सक, अभियंते यांच्यावर. काम करता करता ही माणसे कशी विचार करतात, हा त्याचा विषय. शिक्षणशास्त्राने तो दत्तक घेतला आणि दत्तकाचे लाड जरा अधिकच झाले. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण आराखड्यात चिंतनशील शिक्षक आला, २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले, आणि त्यानंतर घडलेल्या अनेक अभ्यासक्रमांत चिंतन-रोजनिशी प्रात्यक्षिकांच्या यादीत जाऊन बसली. गुणांसह. १८६२ मध्ये चिंतनाला बंदी होती. दीडशे वर्षांनी त्याची सक्ती झाली.

सक्तीने काय होते, याचा दाखला आपल्या घरातच आहे. शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०१० पासून, महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना सुरेख होती. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने पाहून, आठवून, वर्णनात्मक नोंद लिहावी. पटावर पन्नास-साठ मुले, विषय आठ-नऊ, आणि नोंदी तपासायला येणारे साहेब ठरलेले. थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानांत मिळू लागल्या, मग त्यांच्या याद्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो’, ‘प्रश्नांची उत्तरे आत्मविश्वासाने देतो’ : एका जिल्ह्यातले मूल आणि दुसऱ्या जिल्ह्यातले मूल शब्दशः एकसारखे. शिक्षकांना यासाठी दोष देणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या वहीत खरे लिहून फायदा नाही आणि खोटे लिहून तोटा नाही, ती वही माणूस जमेल तितक्या लवकर भरून टाकतो. चिंतन-रोजनिशीच्या तयार प्रती आम्ही अजून विकत घेतलेल्या नाहीत. आमच्या एका शिक्षिका-स्नेह्यांच्या मते आम्ही फक्त दुकान चुकलो आहोत.

होल्टकडे एकदा परत जाऊ. १९८२ मध्ये त्याने आपल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली. एव्हाना त्याची अनेक मते पालटली होती. शाळा सुधारेल ही आशाच त्याने सोडली होती. तरी त्याने जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या नाहीत. जुनी नोंद आहे तशी ठेवली आणि जिथे आता पटत नव्हते तिथे तिच्या सोबतीने नवा मजकूर घातला. त्यामुळे एकाच पानावर दोन होल्ट भेटतात, चोवीस वर्षांच्या अंतराचे, आणि धाकटा नेहमीच चुकीचा असतो असेही नाही.

हे वाचून आम्ही परवा एक कोरी वही आणली आणि डावीकडची पाने मोकळी सोडायचे ठरवले. पहिली नोंद त्या बाष्पीभवनाच्या तासाची. मुलीचा प्रश्न जसाच्या तसा आठवला. शिंके, वारा, रात्रीचे कपडे, सगळे आठवले. आम्ही तिला काय उत्तर दिले, ते मात्र काही केल्या आठवेना. तिथे दोन ओळींची जागा सोडली आहे.