झिलई जपणारी सफाई : एका सातबारी रिव्हॉल्वरची कथा

१/ १८५७ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘मॉडेल १’ हे छोटे सातबारी रिव्हॉल्वर बाजारात आणले. तोवरच्या बहुतेक रिव्हॉल्वरांत दारू, गोळी आणि टोपी निरनिराळी भरावी लागे. येथे सारे काही धातूच्या एकाच काडतुसात सामावले होते.

२/ या काडतुसाला रिमफायर म्हणतात. पेट घेणारे स्फोटक त्याच्या बुडाच्या कडेत असते आणि घोडा त्या कडेवरच आदळतो. काडतूस नसताना चाप ओढल्यास हा घाव थेट चक्राच्या कडेवर बसून तेथे खोच पडू शकते. म्हणून असे शस्त्र रिकामे उडवून पाहू नये.

३/ काडतुसात सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू असे. ती जळल्यावर उरणारे क्षार हवेतील ओल शोषून लोखंड गंजवतात. मात्र ते पाण्यात विरघळतात. त्यामुळे साबणाचे गरम पाणी, मग कोरडे फडके आणि शेवटी तेलाचा हात, ही वापरातल्या शस्त्राची जुनी रीत होती. नळी वर उचलून चक्र काढता येत असल्याने हे काम सोपे होई.

४/ खरा धोका पुढे असतो. नळी व चक्रावरची निळसर काळी झिलई म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. जे रसायन गंज खाते, ते झिलईही खाते. लिंबू आणि व्हिनेगर त्यातलेच. सुरुवातीच्या नगांची पितळी चौकट चांदीच्या मुलाम्याची असे. देवाची भांडी घासावीत तशी ती घासली, तर चांदी जाऊन पितळ उरते. अमोनियाचे द्रावण पितळही खाते.

५/ घासण्याने आणखी काय जाते? चक्रावर ३ एप्रिल १८५५ ही पेटंटची तारीख उमटवलेली असे. आरपार छिद्रांच्या चक्राचे हे पेटंट रॉलिन व्हाइट यांचे. कंपनी त्यांना प्रत्येक नगामागे २५ सेंट देई. पण पेटंटच्या रक्षणासाठी कोर्टकचेरीचा खर्च त्यांच्यावरच होता. १८६९ मध्ये मुदत संपली. मुदतवाढीची वाट मोकळी करणारे विधेयक १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरून रोखले. हा सारा वाद ज्या तारखेभोवती फिरला, ती धातूवर फार उथळ उमटलेली असते.

६/ म्हणून संग्रहातील नगाची निगा संयमाची असते. प्रथम चक्राची सर्व घरे रिकामी असल्याची खात्री. घामातील मीठ लागू नये म्हणून हातमोजे. मऊ ब्रशने धूळ काढणे, लोखंडी भागावर सुती कापडाने हलक्या तेलाचा हात, आणि शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर. सँडपेपर, तारेचा ब्रश आणि नवी झिलई वर्ज्य.

७/ सैल, लालसर गंज काढावा. काळाने चढलेली स्थिर, गडद छटा ठेवावी. लखलखीत केलेला नग नवा दिसतो, पण तो कुठे हाताळला गेला, किती वापरला गेला, हे सांगणारा पृष्ठभाग त्याच्यापाशी उरत नाही. मळ पुन्हा काढता येतो. गेलेली तारीख पुन्हा आणता येत नाही.