दायमाबाद : गोदाखोऱ्यातली पहिली गावे कुणी वसवली?

दायमाबाद आज नांदते गाव नाही, प्रवरेच्या डाव्या काठावरचे पांढरीचे टेकाड आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातले हे टेकाड १९५८ साली पुरातत्त्व खात्याच्या बोपर्डीकरांच्या नजरेस पडले. पुढच्या वीस-एकवीस वर्षांत तेथे तीनदा उत्खनन झाले : १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली. एकावर एक चढलेल्या वस्त्यांचे पाच थर त्यातून उघडे झाले. सर्वांत खालचा थर इसवी सनापूर्वी २२०० च्या आगेमागचा, तर सर्वांत वरचा इ. स. पू. १००० च्या सुमारास संपणारा. लोखंड हाती येण्यापूर्वी, दगडाच्या पात्यांसोबत तांबे वापरणाऱ्या या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. महाराष्ट्रातल्या शेतीच्या आणि स्थिर गावांच्या इतिहासाची सुरुवात याच युगात होते. ही गावे वसवणारे लोक आले कुठून, हा प्रश्न मात्र दायमाबादच्या पहिल्या खड्ड्यापासून अभ्यासकांच्या मागे लागला.

उगमाचा असाच प्रश्न याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर सुमेरच्या बाबतीत गाजला होता. आजच्या इराकच्या दक्षिणेला, तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या गाळावर इ. स. पू. चौथ्या सहस्रकात उरुकसारखी मोठी नगरे उभी राहिली. त्या सहस्रकाच्या अखेरीस तेथे ओल्या मातीच्या पाट्यांवर धान्याचे आणि गुरांचे हिशेब लिहिले जाऊ लागले. जगातले सर्वांत जुने लेखन ते हेच. या लोकांची भाषा ना सेमिटिक कुळातली, ना इंडो-युरोपीय. जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषेशी तिचे नाते जुळवता आलेले नाही. त्यामुळे सुमेरी लोक बाहेरून आले असावेत, हे विद्वानांनी जवळपास गृहीतच धरले आणि कुणी डोंगराळ इराणकडे, कुणी समुद्रापलीकडे बोट दाखवले. ब्रिटिश म्युझियमच्या एच. आर. हॉल यांनी तर १९१३ साली सुमेरी लोक भारतातून गेले असावेत असा तर्क मांडला. सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर व्हायला तेव्हा अजून अकरा वर्षे होती. आधार होता तो मुख्यतः पुतळ्यांच्या चेहरेपट्टीचा, आणि एवढ्या कच्च्या आधारावर उभा राहिलेला तर्क टिकला नाही यात नवल नाही.

या चर्चेला वळण लावले ते एरिडूच्या उत्खननाने. सुमेरी परंपरा ज्याला पहिले नगर मानते त्या एरिडूत फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी १९४६ ते १९४९ या काळात खोदकाम केले, तेव्हा एकाच जागी एकावर एक बांधलेल्या देवळांची लांबलचक मालिका निघाली. तळाशी कच्च्या विटांची एक लहानशी खोली होती. वर येत जावे तसतसे तिचे मोठे देऊळ झाले. देव्हाऱ्याची आणि नैवेद्याच्या ओट्याची मांडणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ओळखू येण्याइतकी सारखी राहिली. एके दिवशी कुणी परके आले आणि त्यांनी नवी संस्कृती उभी केली, असा तुटलेला थर तेथे दिसत नाही. भाषेचे कोडे त्यामुळे सुटले नाही, पण संस्कृतीचा उगम शोधताना लोकांच्या वंशापेक्षा थरांचा क्रम अधिक बोलका असतो, हे एरिडूने दाखवले. दायमाबादच्या बाबतीतही हीच दिशा उपयोगी पडते.

दायमाबादचा सर्वांत खालचा थर सावळदा संस्कृतीचा. तापीकाठच्या सावळदा गावावरून तिला हे नाव पडले. हे लोक मातीच्या भिंतींच्या घरांत राहत, गहू, जव, मसूर, वाटाणा अशी धान्ये पिकवत आणि भांड्यांवर बाण, गळ यांसारखी चित्रे काढत. तापीचे खोरे ही उत्तरेकडून दख्खनच्या पठारावर येण्याची जुनी वाट आहे, आणि गोदाखोऱ्यातले पहिले शेतकरी याच वाटेने खाली उतरले असावेत. मात्र ते ओसाड मुलखात आले असे नव्हे. गारगोटीची बारीक पाती वापरणारे शिकारी आणि फिरते लोक या नद्यांच्या काठी हजारो वर्षे वावरत होते. शेती आली तेव्हा ते कुठे गेले, की तेच शेतकरी झाले, याचे सरळ उत्तर टेकाडाच्या मातीत सापडत नाही.

दुसरा थर उत्तर-हडप्पा काळाचा, आणि दायमाबादचे नाव देशभर झाले ते याच थरामुळे. येथे सिंधू लिपीतली अक्षरे असलेल्या भाजक्या मातीच्या दोन बटणासारख्या मुद्रा आणि अक्षरे कोरलेल्या काही खापऱ्या मिळाल्या. वस्तीतच एक थडगे निघाले. त्याचा खड्डा कच्च्या विटांनी बांधून काढला होता, मृतदेह उताणा आणि डोके उत्तरेला होते. विटांची लांबी, रुंदी आणि जाडी ४:२:१ या प्रमाणात होती, म्हणजे मोहेंजोदडो-हडप्पाच्या गवंड्यांचेच प्रमाण. लिपी आणि वीट या दोन गोष्टी एकत्र आल्यावर शंका उरत नाही. सिंधू संस्कृतीची परंपरा सांगणारे लोक, बहुधा गुजरातमार्गे, गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचले होते. या काळात वस्तीही बरीच पसरली, सुमारे वीस हेक्टरांपर्यंत.

सुमेर आणि दख्खन यांच्यात काही धागा असेल, तर तो याच ठिकाणी शोधावा लागतो. सुमेरच्या गाळाच्या मैदानात ना इमारती लाकूड होते, ना तांबे, ना रंगीत दगड. ते सगळे बाहेरून आणावे लागे. सुमेर जिंकून घेणारा अक्कडचा राजा सारगोन याच्या लेखात मेलुह्हा, मगान आणि दिल्मुन येथली जहाजे आपल्या धक्क्याला लागतात अशी बढाई आहे. दिल्मुन म्हणजे बहारीन आणि मगान म्हणजे ओमानचा परिसर. मेलुह्हा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर या सुमेरी नगरात खणलेल्या राजघराण्याच्या थडग्यांत कार्नेलियनचे जे मणी निघाले, त्यांतले काही सिंधूच्या कारागिरांच्या पद्धतीचे आहेत. मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा असलेल्या शु-इलिशु नावाच्या माणसाची मुद्राही उपलब्ध आहे. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना एकमेकांची बोली कळत नव्हती, हे त्या एका मुद्रेतून कळते.

पण दायमाबादचा हडप्पा थर या भरभराटीच्या व्यापाराच्या शेवटी येतो. इ. स. पू. २२०० च्या सुमारास पश्चिम आशियात आणि भारतीय उपखंडात पाऊसमान घटल्याच्या खुणा मिळतात. अक्कडचे साम्राज्य त्याच सुमारास कोसळले, आणि सिंधूची मोठी नगरे इ. स. पू. १९०० पर्यंत विस्कटली. नगरे विस्कटताना जे लोक दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे पांगले, त्यांच्यापैकी काही प्रवरेकाठी स्थिरावले, एवढेच दायमाबाद सांगते. सुमेरी जहाजाचा माल कधी गोदावरीपर्यंत आला असे दाखवणारी वस्तू येथे मिळालेली नाही. सुमेर आणि महाराष्ट्र यांची थेट सांगड घालणारी पुस्तके अधूनमधून निघतात, त्यांना या टेकाडातून आधार मिळत नाही.

हे सारे तसे सरळ वाटावे, तर १९७४ मध्ये सापडलेल्या चार कांस्यमूर्तींनी गुंता वाढवला. झाडाचे मूळ खणताना तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाती त्या लागल्या. एक बैलजोडीचा रथ आहे, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. दोन बैल जोखडाला जुंपलेले, आणि रथात सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचा सारथी उभा. बाकीचे तीन प्राणी म्हणजे हत्ती, गेंडा आणि रेडा. रेडा चार भरीव चाकांच्या चौथऱ्यावर उभा आहे. गेंड्याखालीही चाके आहेत. हत्तीची मात्र गेलेली. चारही मूर्ती ओतीव, भक्कम आणि चांगल्याच जड आहेत. मुलांच्या खेळण्यासाठी एवढा धातू कुणी ओतला नसता. दोरी बांधून मिरवणुकीत ओढत नेण्याच्या या मूर्ती असाव्यात, असे त्या पाहून वाटते.

अडचण अशी की त्या शास्त्रीय उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत. देशपांडे, राव आणि साळी या तिघांनीही त्या उत्तर-हडप्पा काळाच्या मानल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा हे सिंधू मुद्रांवरचे ओळखीचे प्राणी, आणि भरीव चाकेही त्या काळाला शोभणारी. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे केले. या मूर्तींत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि ताम्रपाषाण काळाच्या इतर तांब्याच्या वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही, म्हणून त्या पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. शैलीवरून काळ ठरवणे निसरडे असते आणि धातूवरून ठरवणेही सोपे नसते, कारण कच्चा धातू कुठल्या खाणीतून आला हे ठाऊक नसेल तर आर्सेनिक मुद्दाम मिसळले की खनिजातूनच आले, हे सांगता येत नाही. हडप्पाकालीन ठरवणाऱ्यांची बाजू थोडी वजनदार वाटते, तरी ज्याला थर नाही त्या पुराव्यावर स्थलांतराचा इतिहास उभा करणे धोक्याचे.

तिसरा थर खास दायमाबादचाच, म्हणून त्याला दायमाबाद संस्कृती हे नाव मिळाले. पिवळसर, साईच्या रंगाच्या भांड्यांवर काळी नक्षी ही तिची ओळख. तांबे गाळण्याच्या भट्टीचा एक भागही या थरात मिळाला. त्यानंतर इ. स. पू. १६०० च्या आसपास माळवा संस्कृतीचे लोक आले. नर्मदेकाठच्या महेश्वरसमोरील नवडातोलीला जी भांडी, जी घरे, तीच येथेही दिसतात. या थरात आयताकृती घरांबरोबर अग्निकुंडे असलेली धार्मिक वास्तूही निघाली.

सर्वांत वरचा थर जोर्वे संस्कृतीचा, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावी हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये खोदकाम केले, त्यावरून हे नाव. चाकावर घडवलेली, तांबूस-नारिंगी, काळ्या रेघांची नक्षी असलेली ही भांडी इतकी कडक भाजलेली आहेत की बोटाने टिचकी मारली तर खणखणतात. तोटीचे भांडे हा त्यांतला नेहमी आढळणारा आकार. कोकणपट्टी वगळता पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात या भांड्यांचे अवशेष सर्वत्र मिळतात. मराठवाड्यात पैठणजवळचे आपेगाव हे त्याचे चांगले उदाहरण. त्याच्या खाली, नांदेडकडे जावे तसतशा या वस्त्या विरळ होत जातात. जोर्वे काळात दायमाबाद सुमारे तीस हेक्टर पसरले होते. भोवती मातीचा तट होता आणि घरांची संख्या बरीच वाढली होती.

या लोकांचे रोजचे जगणे इनामगावच्या उत्खननातून जास्त तपशिलाने कळते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या ठिकाणी डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, सांकळिया आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात काम केले. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. कुडाच्या भिंतींना मातीचा लिंपा, वर गवताचे छप्पर, आत चूल, अंगणात धान्य ठेवायचे खड्डे आणि कणग्या. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. हे गावच्या प्रमुखाचे घर असावे, असा निष्कर्ष उत्खननकर्त्यांनी काढला. नदीचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि चर खणलेले होते. जव हे मुख्य पीक.

मृतांची व्यवस्था घरातच होई. लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना उत्तर-दक्षिण निजवून पुरत, पण पावले घोट्याखाली तोडलेली. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा. नेवाशाच्या जोर्वे वस्तीत एका मुलाच्या थडग्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या दोऱ्यात रेशमाचा अंश निघाला. इनामगावला मातीच्या अंडाकृती डबीत ठेवलेली बिनशिराची स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिच्याबरोबर एक बैल. दोघांनाही भोके आहेत, काडी घातली तर ती मूर्ती बैलाच्या पाठीवर उभी राहते.

या जोर्वे लोकांना बाहेरून आलेली एक जमात समजता येत नाही. त्यांच्या भांड्यांत माळव्याचा वारसा आहे. लहान मुलांना मडक्यांत पुरण्याची पद्धत कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन लोकांशी जुळते. हुलग्यासारखी दख्खनची धान्ये आणि उत्तरेकडून आलेले गहू-जव एकाच कोठारात आहेत. पुरावा पाहता, उगम एकाच ठिकाणी नसून तापी, नर्मदा, सिंधू आणि कृष्णा या चारही खोऱ्यांतून आलेल्या गोष्टी गोदाखोऱ्यात एकत्र होऊन जोर्वे संस्कृती घडली, असे म्हणावे लागते.

इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी, प्रवरा आणि तापी यांच्या काठची बहुतेक गावे ओस पडली. दायमाबादही त्यांत होते. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारखी काही गावे इ. स. पू. ७०० पर्यंत तग धरून राहिली, पण तिथली मोठी आयताकृती घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली आणि शिकारीवरचे अवलंबन वाढले. ढवळीकरांनी याचे कारण पावसाचे घटते प्रमाण असे दिले. मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये हा विषय पुन्हा तपासला आणि केवळ हवामानाला जबाबदार धरणारी मांडणी अपुरी ठरवली. कुपोषणाच्या खुणा मात्र त्या हाडांत स्पष्ट आहेत. त्यानंतर या प्रदेशात लोखंड वापरणारे महापाषाणकालीन लोक दिसतात, आणि काही शतकांनी पैठण, तेर, भोकरदन ही नावे असलेली नगरे सातवाहनांच्या काळात पुढे येतात. दायमाबादचे टेकाड पुन्हा मोठी वस्ती झाले नाही.